चिंच नको, फडकं नको: काळवंडलेल्या रुपयांचं काय करावं?

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही चिपळूणचे. आजेसासऱ्यांच्या वेळचा पितळी डबा घरात आहे, त्यात चांदीचे 43 रुपये आणि दोन शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, आहेत. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनासाठी सासूबाई वीसेक रुपये काढून चिंच आणि रांगोळीनं लख्ख घासायच्या. बाकीचे कापडी पिशवीत तसेच पडून असत. सासूबाई गेल्या, आता डबा माझ्याकडे आहे. 2021 च्या पुरात तो दोन दिवस पाण्यात होता, नाण्यांवर गाळ सुकला. पिशवीतले काही रुपये काळे, काहींवर निळी-जांभळी झाक. मधल्या काळात यजमानांनी आठ रुपये प्लास्टिकच्या अल्बममध्ये लावले होते, त्यांना हिरवा चिकट थर आलाय. सराफ म्हणतात, "द्या, फुकट पॉलिश करून देतो." पुतण्या म्हणतो, "काकू, हात लावू नका, रंगीत नाण्यांना अमेरिकेत जास्त पैसे मिळतात, तिकडे पाठवू." मी मात्र परवाच 1862 चा एक रुपया चिंचेनं घासून बसले. चूक झाली का? डब्यात आजेसासऱ्यांच्या हातची मोडीतली एक चिठ्ठीही आहे. विकायची घाई नाही, पण नाणी खराब व्हायला नकोत.

उत्तर

ताई,

सर्वांत आधी हातातलं फडकं खाली ठेवा, आणि सराफांना नम्रपणे नाही म्हणा. त्यांचा हेतू चांगलाच असणार, पण दागिना आणि नाणं यांचा न्याय वेगळा. दागिन्याला झळाळी हवी असते. नाण्याला हवा असतो त्याचा मूळ पृष्ठभाग, टांकसाळीत साच्याखाली दाबलं गेलं त्या क्षणी तयार झालेला. एकदा घासला की तो परत येत नाही. पॉलिशनं चमक येते, पण ती दुसरीच.

हे मी ऐकीव सांगत नाही. चौदा वर्षांचा असताना वडिलांनी मला पंचम जॉर्जचा 1918 चा रुपया दिला होता. करडा, कडेला थोडा सोनेरी. मला तो मळलेला वाटला. टूथपेस्ट लावून जुन्या ब्रशनं दहा मिनिटं घासला आणि आरशासारखा झाला म्हणून घरभर नाचवला. तो रुपया आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे. दिव्याखाली तिरका धरला की राजाच्या चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत केसासारखे बारीक ओरखडे दिसतात, शेकड्यानं, सगळे ब्रश फिरला त्याच दिशेनं. पन्नास वर्षांत त्यावर पुन्हा थोडी करडी छटा चढली, पण ओरखडे तिच्याखालून तसेच दिसतात. संग्राहक पहिल्यांदा हेच बघतात, आणि एका नजरेत म्हणतात, "घासलेलं आहे."

मग काळं पडणं म्हणजे काय? आपल्या राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या, आणि पंचम जॉर्जच्या रुपयांचं वजन एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी, उरलेला एक भाग तांबं. हवेत गंधकाची संयुगं थोडीफार असतातच. चुलीच्या धुरात, रबरात, लोकरीत, स्वस्त कागदात तर असतातच असतात. चांदी त्यांच्याशी जुळते आणि पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा पापुद्रा धरतो. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर रंग दिसतात ना, तसंच इथंही होतं. पापुद्रा अगदी पातळ असेल तर फिकट पिवळा दिसतो, जाड होत गेला की सोनेरी, तांबूस, जांभळा, मग निळा. आणखी जाड झाला की पुन्हा पिवळे-हिरवे रंग उमटतात, आणि शेवटी नुसतं काळं. या सगळ्याला नाण्यांच्या जगात टोनिंग म्हणतात. म्हणजे तुमच्या पिशवीतला निळा-जांभळा रुपया घाण झालेला नाही. तुमच्या घराच्या हवेनं किती वर्षं किती सावकाश काम केलं, ते तो रंगात दाखवतो आहे.

आता एक प्रयोग करा. जाड टॉवेलची घडी टेबलावर घाला, म्हणजे नाणं निसटलं तरी आपटणार नाही. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. रुपया फक्त कडेला, अंगठा आणि तर्जनीत धरा. नाण्याच्या सपाट बाजूंवर बोट नको, घामातल्या मिठानं ठसा कायमचा कोरला जाऊ शकतो. एकच पिवळा दिवा, बाकी खोलीत अंधार. नाणं हळूहळू कलतं करा. पृष्ठभाग मूळचा असेल तर प्रकाशाचा पट्टा नाण्याच्या मध्याभोवती चाकाच्या आऱ्यासारखा फिरतो. साच्याच्या दाबाखाली धातू मधून कडेकडे सरकतो, त्याच्या सूक्ष्म रेषा राहतात, आणि त्या रेषांवरून प्रकाश असा धावतो. निळ्या-जांभळ्या रंगाखालूनही हा पट्टा फिरताना दिसला, तर ते नाणं डब्यातलं सर्वांत जपायचं. सासूबाईंनी घासलेल्या वीसपैकी एक शेजारी धरून बघा. चमक भरपूर दिसेल, पण पट्टा फिरणार नाही. सगळीकडून सारखाच, सपाट उजेड परत येईल. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की पुढचं सगळं सांगावं लागत नाही.

झीज आणि टोनिंग यांची गल्लतही करू नका. राणीच्या गालावर, केसांच्या वळणावर, मुकुटाच्या उंच भागावर हाताळणीनं धातू खरंच घासला गेलेला असतो. तिथं करडेपणा दिसला तर तो रंगाचा दोष नाही, तो रुपया बाजारात फिरलाय. रोजच्या व्यवहारात प्रामाणिकपणे झिजलेल्या नाण्याला कमीपणा नाही. कमीपणा येतो तो झीज लपवण्यासाठी केलेल्या चमकवण्यानं.

चिंचेनं काय होतं, तेही सांगतो, कारण मनात रुखरुख आहे असं पत्रातून दिसतं. चिंचेतलं आम्ल पृष्ठभागावरचं तांबं आणि त्याचे थर ओढून नेतं, म्हणून नाणं एकदम पांढरं, कोरं-कोरं दिसतं. त्याबरोबर रांगोळी किंवा राख वापरली की दगडाचे बारीक कण चांदीवर फिरतात. चांदी मऊ, दगड कठीण. दर दिवाळीला थोडं-थोडं करत चाळीस-पन्नास वर्षांत अक्षरांच्या कडा गोल होतात. 1862 च्या रुपयात तर यानं एक वेगळंच नुकसान होतं. त्यावर साल 1862 असलं तरी ते रुपये 1874 पर्यंत त्याच सालानं पाडले जात होते. मधल्या वर्षांतले वेगवेगळे रुपये ओळखू यावेत म्हणून मागच्या बाजूच्या नक्षीत, सालाच्या आसपास, सुईच्या टोकाएवढी टिंबं दिलेली आहेत. त्या टिंबांच्या संख्येवरून संग्राहक ठरवतात की हा नेमका कोणता रुपया, नेहमीचा की दुर्मीळ. घासून ती टिंबं बसली तर नाण्याची ओळखच गेली. तुम्ही परवा घासलेला रुपया भिंगाखाली बघा, टिंबं अजून मोजता येतात का. येत असतील तर काळजी सोडा. एकदाच घासलंय, आता फक्त पुन्हा घासू नका.

आणि सासूबाईंबद्दल मनात काही धरू नका. त्या पूजेसाठी घासत होत्या. त्यांच्या दृष्टीनं ती लक्ष्मी होती, आणि लक्ष्मी पाटावर काळी कशी ठेवायची? ते वीस रुपये घासले गेलेच आहेत, त्यांना पूजेतच राहू द्या. पुढच्या दिवाळीला तेच पाटावर मांडा, मऊ सुती कापडानं नुसते टिपून. हळद-कुंकू नाण्यावर वाहण्याऐवजी विड्याच्या पानावर वाहा आणि पानाशेजारी रुपये ठेवा. पंचामृताचं स्नान घालायचंच असेल तर सराफाकडचं चांदीचं नवं नाणं घ्या, ते दरवर्षी खुशाल न्हाऊ द्या. उरलेले तेवीस मात्र डब्याबाहेर पूजेला काढू नका.

आता पुराचा गाळ. सुकलेला गाळ नखानं, काडीनं, ब्रशनं खरवडू नका. वाशिष्ठी नदीच्या गाळात वाळू आहे, ती ओढली की ओरखडा ठरलेला. काचेच्या वाटीत शुद्ध, म्हणजे डिस्टिल्ड, पाणी घ्या. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला जे मिळतं तेच. मात्र बाटलीवर पाणीच लिहिलंय ना, ॲसिड नाही ना, हे दोनदा वाचा. नाणी एक-एक करून बुडवा, एकमेकांवर नको. दिवसभर ठेवा, पाणी बदला, पुन्हा ठेवा. गाळ सुटून खाली बसेल. जेवढा सुटेल तेवढा पुरे. मग काढून मऊ कापडावर ठेवा आणि वरून दुसरं कापड अलगद दाबा. पुसायचं नाही, टिपायचं. पंख्याखाली दोन-तीन तास पूर्ण कोरडी होऊ द्या.

अल्बममधल्या त्या आठ रुपयांकडे मात्र आजच बघा, उद्यावर टाकू नका. तो हिरवा चिकटपणा पीव्हीसीच्या मऊ प्लास्टिकमधून आलाय. उष्णतेनं आणि दमटपणानं त्यातून आम्ल आणि तेलकट द्रव्य झिरपतं, ते नाण्यातल्या तांब्याशी मिसळून हिरवं होतं आणि हळूहळू पृष्ठभाग खातं. याला एकच उपाय मी बिनधास्त सांगतो: शुद्ध ॲसिटोन. केमिस्टकडून किंवा रसायनं विकणाऱ्यांकडून घ्या. नेलपॉलिश काढायचं द्रव आणू नका, त्यात सुगंध आणि तेल असतं. काचेच्या वाटीत नाणं बुडवा, प्लास्टिकची वाटी विरघळू शकते. खिडक्या उघड्या हव्यात. जवळ गॅस, समई, उदबत्ती काहीही पेटलेलं नको, हे द्रव क्षणात पेट घेतं. दहा-पंधरा मिनिटांनी उलटवा, मग दुसऱ्या वाटीत नवं ॲसिटोन घेऊन पुन्हा बुडवा. काढल्यावर ते आपोआप उडून जातं. ॲसिटोन चांदीच्या टोनिंगला धक्का लावत नाही, म्हणून रंग जाईल ही भीती नको. हिरवं गेल्यावर खाली खड्डे दिसले तर ते खड्डे राहणार. तेवढं नुकसान झालेलं आहे, पुढचं थांबलं. आणि तो अल्बम टाकून द्या, नव्या नाण्यांसाठीसुद्धा ठेवू नका.

तुमच्या मनात येईल, मोबाईलवर दाखवतात तसं ॲल्युमिनियमचा कागद, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी करून काळेपणा काढू का? रसायनशास्त्र खरं आहे, सल्फाइड जातं. पण त्याबरोबर रंग, छटा, शंभर वर्षांचा तो पापुद्रा एका मिनिटात जातो आणि खाली निर्जीव, खरखरीत पांढरं उरतं. बाजारात मिळणारं नाणी बुडवायचं द्रवही असंच, दर बुडीला पृष्ठभागाचा थोडा अंश घेऊन जातं. पार काळं पडलेलं, खालचं काहीच न दिसणारं नाणं कधी कधी जाणकाराच्या हातून एकदा बुडवावं लागतं, हे मान्य आहे. पण ते कोणतं नाणं, किती सेकंद, हे नाणं हातात घेतल्याशिवाय कोणी सांगू नये. पत्रातून मी तरी सांगणार नाही.

शिवराई नाण्यांना पाणी, ॲसिटोन, काही नको. त्या तांब्याच्या. एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्रपति" ही अक्षरं वाचायची ती तांब्यावर धरलेल्या गडद तपकिरी-हिरव्या थरामुळेच उठून दिसतात. तो थर घट्ट आणि गुळगुळीत असेल तर तांब्याचं ते कवच आहे. चिंच लावली की कवच जातं आणि नाणं गुलाबी, उघडं पडतं. नंतर कोकणातली दमट हवा ते नव्यानं खायला लागते. फक्त एक तपासा: कुठं फिकट हिरवी, भुकटीसारखी, बोटाला लागणारी पूड दिसते का? दिसली तर क्षारांनी तांबं आतून पोखरायला सुरुवात केलीय. पुराचं पाणी लागलंय म्हणून ही शक्यता सोडू नका. अशी शिवराई बाकीच्यांपासून वेगळी, अगदी कोरड्या डबीत ठेवा आणि संग्रहालयातल्या जतन विभागाच्या माणसाला दाखवा.

पुतण्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. नैसर्गिक रंग आलेल्या, न वापरलेल्या नाण्यांना हौशी लोक जास्त मोजतात हे खरं. पण त्यामुळे गंधकाच्या धुरात, भट्टीत नाणी रंगवून विकणारेही निघालेत. नैसर्गिक रंग अक्षरांभोवती आणि कडेजवळ बदलत जातो, एका छटेतून दुसरीत ओळीनं उतरतो. रंगवलेल्या नाण्यावर निळा एकदम फासल्यासारखा येतो, अक्षरांवरून आडवातिडवा जातो, आणि बहुतेकदा त्याच्याखाली घासल्याचे ओरखडे लपवलेले असतात. पुतण्याला हे सांगा, तो उद्या दुसऱ्याकडून विकत घेईल तेव्हा उपयोगी पडेल. अमेरिकेला पाठवायचं मात्र विसरा. शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर नेणं 1972 च्या पुरावस्तू कायद्यानं बंद आहे. तुमचे राणीचे, सातव्या एडवर्डचे आणि पंचम जॉर्जचे बहुतेक रुपये त्यात येतात. टपालात घातलेत तर नाणंही जाईल आणि पुतण्या अडचणीत येईल.

डब्यातली सालं तुम्ही लिहिली नाहीत. 1911 चा रुपया आहे का, एवढं मला कळवा. त्या वर्षी पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती इतक्या आखूड सोंडेचा कोरला गेला की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, नाणी मागे घेतली गेली आणि 1912 मध्ये हत्ती नव्यानं कोरला. त्या रुपयाचं सारं महत्त्व मोहरीएवढ्या त्या आकृतीत आहे. असला तर त्याला पहिली जागा, कापडसुद्धा लावू नका.

दिसायला फिकट, तपकिरी-करडे असे काही रुपये 1940 नंतरचे निघतील. त्यात चांदी निम्मीच, उरलेलं तांबं, निकेल, जस्त. त्यांच्यावर सुंदर निळा रंग फारसा चढत नाही, ते मातकटच राहतात. त्यांना उजळवण्याच्या फंदात पडू नका, मूळचीच ती तऱ्हा आहे.

ठेवायचं कसं? स्वयंपाकघरातून डबा हलवा. लोखंडी कपाट चांगलं, सागवानी किंवा प्लायवूडची पेटी नको, लाकडातून आणि डिंकातून आम्लाची वाफ येते. मायलार या पॉलिएस्टर प्लास्टिकची पारदर्शक पाकिटं नाण्यांच्या दुकानात मिळतात, एका पाकिटात एक रुपया. मायलार कडक असतं, चुरचुरतं; मऊ, वास येणारं प्लास्टिक दिसलं की परत करा. रबरबँड, वर्तमानपत्र, मखमल, लोकर, डांबराच्या गोळ्या, कापूर, खोबरेल तेल, यांतलं काहीही नाण्याजवळ नको. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा बदला. ती जुनी कापडी पिशवी आठवण म्हणून ठेवा, पण नाणी परत त्यात घालू नका. ज्या पिशवीनं एवढे सुंदर रंग दिले तीच दमट हवेत आणखी दहा वर्षांत ते काळे करेल.

पैशाचं एक सांगून ठेवतो. राणीच्या किंवा पंचम जॉर्जच्या नेहमीच्या सालाच्या रुपयात मुळात शुद्ध चांदी सुमारे 10.69 ग्रॅम. घासलेले वीस रुपये विकायला गेलात तर बहुतेक त्याच भावाला जातील. म्हणून ते मोडीत घालू नका, पूजेतच त्यांचं मोल आहे. तेवीसांचं मूल्य कोणी सांगू लागला की एकाच व्यापाऱ्याचं ऐकू नका, आणि भाव करण्याआधी नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, कधी त्या बाजूला गेलात तर नाणी कशी ठेवतात ते बघून या. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालयही आहे.

राहिली ती मोडी चिठ्ठी. ती नाण्यांबरोबर पुन्हा डब्यात ठेवू नका. कागद चांदीला काळं करू शकतो, आणि पुराच्या पाण्यानंतर तो आणखीच नाजूक झाला असेल. दोन पारदर्शक मायलारच्या चौकोनांत सपाट ठेवा, दिवसाच्या उजेडात फोटो काढा आणि मोडी वाचणाऱ्या कोणाला दाखवा. रत्नागिरी, पुणे, मुंबईत मोडीचे वर्ग चालतात, तिथं एखादा विद्यार्थी आनंदानं वाचून देईल. त्यात काय असेल कोण जाणे: रुपये कुठून आले, किती होते, कोणाकडे ठेवायला दिले होते. ते कळलं की मला पुन्हा लिहा, आणि 1862 च्या रुपयांवरची टिंबं मोजून तेही.